गिऱ्हाईक पाहून दर सांगावा का? स्वतंत्र अनुवादकाने दर ठरवण्याची एक रीत

“तुमचा रेट काय?” असे कोणी फोनवर विचारले की उत्तराआधी आपल्या तोंडून एक उलटा प्रश्न निघतो : “काम कोणासाठी आहे?” मजकूर कोण वाचणार, तो कुठे छापला जाणार, चूक राहिली तर कोणाचे काय बिघडणार आणि तपासणीच्या किती फेऱ्या होणार, हे समजून घेण्यासाठी तो विचारला असेल तर तो आपल्या कामाचाच भाग आहे. समोरच्याच्या खिशाचा अंदाज घेऊन आकडा ठरवण्यासाठी विचारला असेल, तर बाजारात ज्याला तोंड पाहून भाव सांगणे म्हणतात तेच आपण करत असतो. ऐकणाऱ्याला यातला फरक कळत नाही, आणि कित्येकदा विचारणाऱ्यालाही आपला हेतू नेमका कोणता होता हे सांगता येत नाही.

मी पुण्यात राहून इंग्रजी-मराठी अनुवादाचे काम करते. औषध कंपन्या, सामाजिक संस्था, प्रकाशक, परदेशातल्या एजन्सी आणि जन्मदाखला किंवा सातबारा हातात घेऊन दारात उभी राहणारी माणसे असे सगळे माझे ग्राहक आहेत. या सर्वांना एकच दर लावणे मला कधी जमलेले नाही आणि तसे करणे न्याय्य ठरेल असेही मला वाटत नाही. मात्र वेगळा दर लावण्याची मुभा कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आधी ठरवलेले नसेल, तर प्रत्येक फोनच्या वेळी आपला निर्णय मनःस्थितीवर, घरातल्या खर्चावर आणि समोरच्याच्या बोलण्याच्या ढंगावर सोडला जातो. पुढे मांडलेली रीत अनुवादाच्या उदाहरणांनी सांगितली असली तरी मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मांडणी किंवा शब्दांकन करणाऱ्यांना ती थोड्या फेरफाराने वापरता येईल.

आधी आपला तळ शोधावा

ग्राहकाग्राहकात किती फरक करावा, हा प्रश्न आपला किमान दर माहीत असल्याशिवाय सुटत नाही. तो दर बाजारातून मिळत नाही. घरच्या वहीतून काढावा लागतो. समजा, एका अनुवादकाला घरखर्चासाठी वर्षाला ७,२०,००० रुपये लागतात, आणि संगणक, इंटरनेट, वीज, शब्दकोश, सॉफ्टवेअर, आरोग्यविमा आणि म्हातारपणाची तजवीज यांसाठी आणखी १,८०,००० रुपये लागतात. नोकरदाराला यातल्या बऱ्याच गोष्टी मालकाकडून मिळतात. आपल्याला त्या दरातूनच काढाव्या लागतात. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले तरी त्यांतले साधारण ६० दिवस कोटेशन देणे, बिले पाठवणे, पैशांसाठी फोन करणे आणि कामाची वाट पाहणे यांत जातात. उरलेल्या १८० दिवसांत रोज २,००० शब्द, म्हणजे अनुवाद करून, एकदा मुळाशी ताडून आणि एकदा स्वतंत्रपणे वाचून पूर्ण झालेले २,००० शब्द, असे धरले तर वर्षाला ३,६०,००० शब्द होतात. ९,००,००० भागिले ३,६०,००० म्हणजे शब्दामागे अडीच रुपये. हा त्या अनुवादकाचा तळ. आपले आकडे वेगळे असतील, पण गणित एकदा कागदावर करून पाहिले पाहिजे.

हा निव्वळ हिशेबाचा भाग आहे असे वाटेल, परंतु नीतीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. तळाच्या खालच्या दराने घेतलेल्या कामाची किंमत कोणी ना कोणी देतच असते. रुपयाच्या आतला दर देणारी कामे माझ्याकडेही येत आली आहेत, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी ती घेतली. दिवसाचे ४,००० शब्द उरकल्याशिवाय ती परवडत नसत, त्यामुळे दुसरे वाचन गळून पडे, आणि ज्याचा मजकूर संध्याकाळी हाती घेतला जाई त्याच्या वाट्याला थकलेले डोळे येत. त्या ग्राहकाला आपण काय गमावले हे कधी कळलेही नाही. ज्यांच्या घरी दुसरे भरभक्कम उत्पन्न आहे अशा माणसांनी हौस म्हणून फार खालच्या दराने कामे घेतली की त्याच शहरात फक्त याच कामावर घर चालवणाऱ्याचा दर खाली ओढला जातो, हेही इथेच लक्षात घ्यावे. विनामूल्य काम करायला हरकत नाही. त्याला विनामूल्य म्हणावे आणि ज्याला गरज आहे त्याच्यासाठीच करावे.

तळाच्या वर थोडी जागा ठेवून आपला नेहमीचा दर ठरवावा. वरच्या उदाहरणात तो तीन रुपये धरू. हा दर लेखी असावा, त्यावर तारीख असावी आणि मागणाऱ्याला तो लगेच पाठवता यावा. दरपत्रक लपवून ठेवणाऱ्याला नंतर कितीही प्रामाणिक राहायचे असले तरी ते कठीण जाते, कारण प्रत्येक फोन हा नव्याने घासाघीस करण्याचा प्रसंग होऊन बसतो.

काम वेगळे तर दर वेगळा

दरातल्या फरकाचे पहिले आणि सर्वांत स्वच्छ कारण म्हणजे काम. औषधचाचणीत भाग घेणाऱ्या व्यक्तीसाठी तयार होणारे संमतीपत्र आणि एखाद्या पर्यटन कंपनीचे माहितीपत्रक यांची शब्दसंख्या सारखी असली तरी जबाबदारी सारखी नसते. संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत असणे नियमाने बंधनकारक आहे; त्याचा उलट अनुवाद करून मुळाशी पडताळा घेतला जातो, चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीच्या हरकती येतात, एकेका शब्दाचे स्पष्टीकरण लिहून द्यावे लागते. या वाढीव श्रमाचा दर वाढवून घेण्यात संकोच करण्याचे कारण नाही. उलट, जाहिरातीतल्या पाच शब्दांच्या ओळीला शब्दामागे तीन रुपये लावून पंधरा रुपये घेणे हा स्वतःवर अन्याय आहे. तिथे दिवसाचा किंवा एकूण कामाचा दर सांगावा.

शब्द कोणते मोजायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी माझ्या मते मराठीत दराच्या नीतीचा निम्मा भाग त्यातच आहे. ‘फ्रॉम द हाउसेस ऑफ द फार्मर्स’ या सहा इंग्रजी शब्दांचे मराठीत ‘शेतकऱ्यांच्या घरांतून’ असे दोनच शब्द होतात, कारण इंग्रजीतली शब्दयोगी रूपे आणि ‘द’सारखी उपपदे वेगळी लिहिली जातात, तर मराठीत अशी उपपदे नाहीत आणि आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. माझ्या कामांत १,००० इंग्रजी शब्दांचे मराठीत साधारण ८०० होतात. त्यामुळे मूळ शब्दांवर तीन रुपये आणि अनुवादित शब्दांवर पावणेचार रुपये हा एकच दर आहे. आणि दोन्हींवर तीन रुपये सांगितले तर ऐकायला सारखे असलेले ते दोन निराळे दर आहेत. मराठीतून इंग्रजीत जाताना हाच हिशेब उलटतो. ज्या ग्राहकाला हे ठाऊक नाही त्याला सोयीचा आधार निवडून दर सांगणे म्हणजे खोटे न बोलता फसवणे होय. मी सर्वांसाठी मूळ मजकुराचेच शब्द मोजते, कारण काम सुरू होण्याआधीच दोघांनाही बिलाची रक्कम कळते, आणि माझे वाक्य लांबले म्हणून ग्राहकाचा खर्च वाढत नाही. हस्तलिखित किंवा अंधुक स्कॅन केलेल्या कागदांना हे लागू करता येत नाही. तिथे पानाचा दर ठेवावा, आणि पान म्हणजे किती ओळी तेही लिहावे.

मजकूर पुढे कसा वापरला जाणार यावरूनही दर बदलू शकतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार अनुवादावर अनुवादकाचा स्वतःचा हक्क असतो आणि तो लेखी कराराने दुसऱ्याला देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. मराठी प्रकाशकांच्या आवृत्त्या बऱ्याचदा हजार प्रतींच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात, त्यामुळे औषध कंपनीचा दर त्यांना मागणे वास्तवाला धरून नाही. पण दर कमी घेताना हक्क स्वतःकडे ठेवता येतो, पुढच्या आवृत्त्यांवर मानधन मागता येते, मुखपृष्ठावर नाव मागता येते. अशा वेळी दर कमी झाला असे म्हणण्यापेक्षा आपण कमी वस्तू विकली असे म्हणणे बरोबर ठरेल, आणि करारातही ते तसेच उमटले पाहिजे.

ट्रान्सलेशन मेमरी (आधी अनुवादलेली वाक्ये साठवून पुन्हा समोर आणणारे सॉफ्टवेअर) आणि यंत्रानुवाद यांच्याबाबतीत मला थोडे कडक लिहावेसे वाटते. मागच्या वर्षीच्या अहवालातली निम्मी वाक्ये यंदाच्या अहवालात जशीच्या तशी असतील आणि ती आपल्या संगणकात साठवलेली असतील, तर त्यांवर पूर्ण दर लावणे योग्य नाही. त्यांची तपासणी करावी लागते, तेवढाच दर लावावा. ही सूट मागणाऱ्या एजन्सीला द्यायची आणि ती अस्तित्वात आहे हेच माहीत नसलेल्या छोट्या संस्थेला द्यायची नाही, हा भेदभाव मी स्वतः अनेक वर्षे न कळत केला. यंत्राने केलेला मसुदा सुधारून देत असू तर ग्राहकाला आधी सांगावे, त्याची परवानगी घ्यावी आणि दर वेगळा सांगावा. संमती न घेता गोपनीय मजकूर यंत्राला देणे हा तर दराच्या पलीकडचा अपराध आहे.

व्यवहाराच्या अटी, आणि कर

उद्या सकाळी हवे असलेले काम, सुट्टीच्या दिवसाचे काम, तीन महिन्यांनी पैसे देणारी कंपनी, सात जणांकडून दुरुस्त्या करून घेणारा विभाग, या सर्वांचा भार खरा असतो आणि तो दरात यावा. अट एवढीच की तो आधी लिहिलेला असावा आणि सर्वांना सारखा लागू असावा. २४ तासांच्या आतल्या कामाला ५० टक्के जादा असे दरपत्रकात असेल, तर ते कंपनीलाही लागू आणि विद्यार्थ्यालाही. दोन फेऱ्यांपर्यंतच्या दुरुस्त्या दरात धरल्या आहेत आणि तिसरीपासून तासाचा दर लागेल, असे लिहिले असेल तर त्यात कोणाचे तोंड पाहण्याचा प्रश्न उरत नाही.

उशिरा पैसे देणाऱ्यांसाठी दर गुपचूप वाढवून ठेवण्यापेक्षा कायद्याचा आधार घेणे चांगले. ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी असेल, तर २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरली असली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यायचे असतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापावा.

करांच्या नावाखाली दर फुगवण्याची एक सवय आपल्या व्यवसायात रुजली आहे, तिच्याबद्दल स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. व्यावसायिक शुल्कातून कापला जाणारा १० टक्के टीडीएस हा आपलाच आगाऊ भरलेला आयकर असतो. विवरणपत्र भरताना तो आपल्या खात्यावर जमा दिसतो आणि जास्त कापला गेला असेल तर परत मिळतो. म्हणून “टीडीएस कापणार असाल तर दर दहा टक्क्यांनी वाढेल” असे म्हणणे म्हणजे आपला आयकर ग्राहकाकडून भरून घेणे. जीएसटीचे तर त्याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सहसा नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणे बेकायदेशीर आहे, मग तो मोठ्या कंपनीला लावला असला तरी.

अडलेला माणूस

आता जिथे फरक करूच नये त्या जागेकडे येऊ. ग्राहकाचे अज्ञान आणि ग्राहकाची नड ही दोन कारणे कितीही मोहक वाटली तरी दरात येता कामा नयेत. अडला हरी गाढवाचे पाय धरी ही म्हण आपण अडलेल्याच्या बाजूने ऐकतो. ज्याचे पाय धरले जात आहेत त्याने कसे वागावे याबद्दल ती काही सांगत नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी एक तरुण संध्याकाळी माझ्याकडे आला. परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला मराठीत होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिसासाठी कागद द्यायचे होते. माझा पानाचा दर तेव्हा ३०० रुपये होता. मी दोन पानांचे १,८०० सांगितले. तातडीचा वाढीव दर म्हणून मी स्वतःची समजूत घातली, पण तसा कोणताही दर मी तोवर कुठे लिहिलेला नव्हता, आणि खरे कारण हे होते की त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होते की तो नाही म्हणणार नाही. त्याने पैसे मोजून दिले आणि मनापासून आभारही मानले. त्या आभारांची आठवण मला अजून बोचते. त्यानंतर मी तातडीचा दर छापून घेतला, आणि जन्म, मृत्यू, विवाह, शाळा, जात आणि जमीन यांच्या दाखल्यांसाठी एकच ठरीव पानाचा दर केला, जो मुंबईच्या उपनगरातून आलेल्याला आणि जुन्नरहून एसटीने आलेल्याला सारखाच असतो.

तातडीचा दर घ्यावा, कारण आपली रात्र खरोखर जाते. पण तो आपल्या रात्रीचा मोबदला आहे, समोरच्याच्या भीतीचा नाही, हे ओळखण्याची एक खूण आहे : हेच काम याच मुदतीत कमी घाबरलेल्या माणसाने आणले असते तर आपण तोच आकडा सांगितला असता का, हे स्वतःला विचारावे.

परदेशी ग्राहकांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे, पण उत्तर थोडे वेगळे आहे. युरोपातली एजन्सी आपल्याला पुण्याच्या दराच्या दुप्पट किंवा तिप्पट देऊ शकते. तो दर मागणे म्हणजे लूट, असे मला वाटत नाही. त्यांच्या बाजारात तो रूढ दर आहे, त्यांना तो माहीत आहे, आणि लंडन किंवा न्यू जर्सीत राहून मराठीचे काम करणाऱ्या अनुवादकांना तिथले घरभाडे भरायचे असते. आपण पुण्याचा दर सांगून ते काम ओढून घेतले तर नुकसान त्यांचे होते. मात्र हा युक्तिवाद संस्थेपुरताच चालतो. आजीची मराठी पत्रे नातवंडांना वाचता यावीत म्हणून कॅलिफोर्नियातून फोन करणारी बाई डॉलरमध्ये कमावते, एवढ्यावरून तिला तिप्पट दर सांगणे म्हणजे पुन्हा तोंड पाहून भाव सांगणेच झाले. ती व्यक्ती आहे आणि तिला व्यक्तींचा दर लागला पाहिजे.

सवलत कशी द्यावी

श्रीमंताकडून जास्त घ्यावे आणि गरिबाकडून कमी, ही कल्पना आपल्याला न्याय्य वाटते आणि ती पूर्णपणे चूक नाही. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांनिशी सुरू केलेले अरविंद नेत्र रुग्णालय याच तत्त्वावर वाढले : पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्यांच्या शस्त्रक्रिया होतात. पण त्या व्यवस्थेत तीन गोष्टी आहेत, ज्या आपण सहसा विसरतो. दर उघड असतात. पैसे देऊन उपचार घ्यायचे की विनामूल्य, हे रुग्ण स्वतः ठरवतो. आणि खोलीच्या सोयी वेगळ्या असल्या तरी डोळ्यावरच्या शस्त्रक्रियेचा दर्जा तोच ठेवला जातो. ग्राहकाच्या मोटारीकडे पाहून मनातल्या मनात दर वाढवणाऱ्या अनुवादकाकडे यांतले काहीच नसते.

म्हणून मी असे करते की नेहमीचा दर हाच पूर्ण दर मानते, ऐपत पाहून तो कोणासाठीही वाढवत नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी तो उघडपणे कमी करते. हिशेबाला हे सारखेच वाटेल, तरी दोन्हींत मोठा फरक आहे : सवलत ज्याला दिली त्याला सांगता येते आणि ज्याला दिली नाही त्यालाही सांगता येते; खिसा पाहून केलेली वाढ कोणालाच सांगता येत नाही. बिलावर आधी पूर्ण दर लिहावा, त्याखाली सवलतीची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवावी, आणि मग देय रक्कम लिहावी. यामुळे संस्थेला कामाची खरी किंमत कळते, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ती धरता येते, आणि आपल्यानंतर येणाऱ्या अनुवादकाला “आधीच्या बाई तर दीड रुपयात करायच्या” असे ऐकावे लागत नाही.

सवलतीला मर्यादा हवी, आणि ती वर्षाच्या सुरुवातीला ठरवावी. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मी हे प्रमाण दिवसांना लावते : १८० दिवसांपैकी १८ दिवस सवलतीच्या कामांसाठी. तळाच्या खालचा दर फक्त या दिवसांतच बसतो. ते संपले की पुढच्या संस्थेला मोकळेपणाने सांगता येते की यंदाचा वाटा संपला, एप्रिलमध्ये विचारा. मर्यादा नसली की सवलत ज्याची गरज मोठी त्याला न मिळता ज्याचा आग्रह मोठा त्याला मिळते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आणि अनुवादकाच्या बाबतीत ती सहसा जवळच्या ओळखीतून घरात शिरते.

गरज कशी ओळखावी? संस्था सामाजिक काम करते एवढे पुरेसे नाही. कार्यशाळेच्या सभागृहाला, जेवणाला, बॅनरला आणि छपाईला पूर्ण बाजारभाव देणाऱ्या प्रकल्पात फक्त अनुवादकाकडूनच सेवाभावाची अपेक्षा असेल, तर सवलत देऊ नये आणि कारण नम्रपणे सांगावे. मी एकच प्रश्न विचारते : या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात अनुवादासाठी रक्कम धरली आहे का? धरली असेल तर आकडा सांगायला संस्थेला अडचण नसते, आणि त्या आकड्यात काय बसते ते दोघे मिळून पाहू शकतो. धरलेली नसेल, आणि छपाईवाला व सभागृहवालाही सवलत देत असतील, तर मीही देते. गावातले वाचनालय, वर्गणीवर चालणारे मासिक, स्वतःची केस लढणारी शेतकरी बाई यांना हा प्रश्न विचारावाही लागत नाही.

नातेवाईक आणि मित्रांसाठी माझे मत असे बनले आहे की एक तर पूर्ण दर घ्यावा, नाही तर काहीच घेऊ नये. अर्ध्या दरात देणाऱ्याला वाटते आपण उपकार केला आणि घेणाऱ्याला वाटते आपण पैसे मोजले. त्यामुळे उशीर झाला तर बोलता येत नाही आणि चूक निघाली तर सांगता येत नाही.

सवलतीच्या कामाला तेवढीच वाचने मिळाली पाहिजेत जेवढी पूर्ण दराच्या कामाला मिळतात. वेळेत थोडा फरक चालेल, आणि तो आधी सांगून चालेल : सवलतीचे काम तीन आठवड्यांनी मिळेल, पूर्ण दराचे एका आठवड्यात. शुद्धलेखनात आणि अर्थात फरक चालणार नाही. ज्याला ते जमणार नसेल त्याने सवलत देण्याऐवजी काम नाकारावे.

इतर अनुवादक आणि एजन्सी

एजन्सीमार्फत मिळालेल्या कामाचा मूळ ग्राहक नंतर थेट संपर्क करून “मधला माणूस काढून टाकू, दोघांचाही फायदा” असे सुचवतो, तेव्हा आधी एजन्सीबरोबरचा करार वाचावा. त्यात मनाई असेल तर एजन्सीचेच नाव सांगावे. करार नसला तरी एजन्सीच्या दराखाली जाऊन तो ग्राहक घेणे मला पटत नाही, कारण त्याला शोधण्याचे, समजावण्याचे आणि वसुलीचे काम दुसऱ्याने केलेले असते.

सर्व मराठी अनुवादकांनी मिळून किमान दर ठरवावा, ही सूचना दर काही महिन्यांनी कोणीतरी तळमळीने मांडते. तिच्यामागची भावना मला समजते, परंतु २००२च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ नुसार स्पर्धकांनी किंवा त्यांच्या संघटनेने किमती ठरवणे हे स्पर्धेला बाधक मानले जाते. अमेरिकेत दुभाष्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला याच कारणाने व्यापारातल्या स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला तोंड द्यावे लागले, आणि १९९७ मध्ये दर ठरवण्याबाबतचा निकाल तिच्या विरोधात गेला. तळ काढण्याचे गणित मात्र नव्या माणसाला जरूर शिकवावे. आकडा त्याचा त्याने काढावा.

जुना ग्राहक आणि वाढलेला दर

आठ वर्षांपूर्वीच्या दराने काम देणारा ग्राहक आणि आज नव्याने आलेला ग्राहक यांच्यात जो फरक पडतो तो बहुधा विचार करून केलेला नसतो, आपल्या संकोचातून साचलेला असतो. वर्षातून एकदा, शक्यतो मार्चच्या आधी, सर्व जुन्या ग्राहकांना दोन महिन्यांची मुदत देऊन नवा दर लेखी कळवावा. हाती असलेल्या कामाला तो लावू नये. नियमित आणि वेळेवर पैसे देणाऱ्या ग्राहकाला काही टक्के सूट द्यायची असेल तर द्यावी, पण किती शब्दांच्या पुढे आणि किती दिवसांत पैसे आल्यास, हे दरपत्रकात लिहून, म्हणजे नव्या ग्राहकालाही ती मिळवता येईल.

चूक झाली असेल तर

आपल्या दरांची कसोटी घेण्याचा सोपा उपाय म्हणजे आपले कोणतेही दोन ग्राहक एका टेबलाशी बसून बिले पडताळत आहेत अशी कल्पना करणे. माझ्याबाबतीत ती कल्पना राहिली नाही. पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या दोन संस्थांसाठी मी जवळजवळ सारख्याच प्रशिक्षण पुस्तिका मराठीत आणल्या होत्या. एकीला जुन्या ओळखीमुळे पावणेतीन रुपये लावले होते आणि दुसरीला, तिचे कार्यालय प्रशस्त होते आणि बोलणे सफाईदार इंग्रजीत झाले म्हणून, साडेतीन. माझा लिहिलेला दर तीन रुपये होता. एका संयुक्त प्रशिक्षणात दोन्हींच्या समन्वयक भेटल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन आला : “आमच्या पुस्तिकेत जास्त काय होते, ते फक्त समजून घ्यायचे आहे.” माझ्याकडे उत्तर नव्हते.

अशा वेळी आधी आपल्या लिहिलेल्या दराशी तुलना करावी, दुसऱ्या ग्राहकाच्या बिलाशी नाही. पहिल्या संस्थेला कमी लावले गेले होते, ती माझी बाब होती. झालेल्या कामाचे वाढीव पैसे मागण्याचा मला हक्क नव्हता, म्हणून तिला पुढच्या कामापासूनचा दर कळवला. दुसऱ्या संस्थेकडून १८,००० शब्दांवर ५० पैसे जास्त घेतले होते, म्हणजे ९,००० रुपये. ती पुन्हा काम देईल की नाही हे ठाऊक नसल्यामुळे ते पुढच्या बिलात वळते करण्याचे आश्वासन न देता मी त्याच आठवड्यात बँकेतून परत पाठवले आणि सोबत पत्र दिले. पत्रात सबबी लिहू नयेत, दुसऱ्या ग्राहकाचे नाव किंवा दर लिहू नये, आणि फार लांब लिहू नये. माझ्या पत्रात एवढेच होते : “आपल्या पुस्तिकेच्या बिलात माझ्या प्रसिद्ध दरापेक्षा शब्दामागे ५० पैसे जास्त लावले गेले. त्याला कामाशी संबंधित कोणतेही कारण नव्हते. फरकाचे ९,००० रुपये आज आपल्या खात्यात जमा केले आहेत. सुधारित बिल आणि माझे दरपत्रक सोबत जोडले आहे.”